मुठीतलं यंत्र
एरंडोलच्या शाळेत तीस वर्षांनी दहावीची बॅच जमली आणि दिपमाला आपल्या जुन्या बाकावर सरलाशेजारीच बसली. लहानपणी तिला नीट ऐकू यायचं नाही. हजेरीत तिचं नाव आलं की सरला कोपराने ढोसायची आणि ती वर्ग दणाणेल असं "हजर" ओरडायची. आता तिच्या कानात चिंचोक्याएवढं यंत्र होतं. "आते बठ्ठं ऐकू येस ना वं तुले?" सरलाने विचारलं. दिपमालाने मान डोलावली. "मंग मन्हं कोपर आते काय कामनं," म्हणत सरला हसली, पण जरा दूर सरकली. तेवढ्यात बोरसे सरांनी गंमत म्हणून जुनं हजेरीपत्रक उघडलं. दिपमालाने हळूच यंत्र काढून मुठीत धरलं. सरांचे नुसते ओठ हलू लागले. सरला विसरली असेल तर? बाक हलला, बरगडीत ओळखीचं कोपर बसलं आणि ती पूर्वीसारखीच ओरडली, "हजर."