मुळा कुठं मिळते

अलिबागला कुलाब्याचा किल्ला बघायला सांगवीची सगळी मंडळी ओहोटीच्या ओल्या वाळूतून चालत पुढं गेली, पण गोजाबाई किनाऱ्यावरच थांबली. तिला किल्ल्याचं काय करायचं होतं? ती आली होती आपली मुळा नदी समुद्राला कुठं मिळते ती जागा बघायला. तिचा नवरा भिमाजी मागं अवघडून उभा होता, कारण ती जागा या किनाऱ्यावर नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

सोपानरावानं चाकणचा कांदा वाहायची आपली लॉरी गावासाठी मोकळी काढली होती. जन्मात समुद्र बघितला नाही, चला एकदा बघून येऊ, म्हणून रिकाम्या पोत्यांवर बसून सगळे घाट उतरले. काल कनकेश्वराचा डोंगर झाला, आज सकाळी आक्षीच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झाल्या. बायकांनी ओच्यात शिंपल्या भरून घेतल्या आणि चांगले मिशीवाले बापे धोतरं खोचून लाटांशी पोरांसारखे खेळले. भिमाजीनं निघायच्या आधी नाही नाही त्या सबबी सांगून बघितल्या होत्या. शाळू काढायला आलाय, म्हशीकडं कोण बघणार, माझा गुडघा धरलाय. गोजाबाईनं म्हैस जावेच्या दारात नेऊन बांधली आणि सगळ्यांच्या आधी लॉरीत चढून बसली.

त्यांचा एकुलता एक मुलगा ज्योतीराम मुंबईला गोदीत लागला होता. एकदा मालाच्या मचव्यावर गेला आणि तो मचवा अलिबागच्या पुढं उलटला. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. दहाव्याला मुळेच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा काही केल्या शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भावकीची चुळबुळ सुरू झाली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घराकडं वळली, पण गोजाबाई उठेना. माझं पोर उपाशी राहिलं, एवढंच म्हणत बसली. तिला कसंही करून उठवायचं म्हणून भिमाजीच्या तोंडून निघून गेलं, की नदीत सोड घास, नदी समुद्रालाच जाती, पोचंल त्याला. तेव्हापासून दर अमावास्येला ती केळीच्या पानावर दहीभात मुळेत सोडत आली. त्या दिवशी ती स्वतः पोटभर जेवायची, शेजारणीशी चार शब्द बोलायची. मग भिमाजीनं तोंड उघडायचं तरी कशाला? आपल्या नदीचं पाणी दौंडावरनं पार उगवतीला जातं, हे तो तरुणपणी तिकडं बैल विकायला गेला तेव्हाच बघून आला होता.

वाळूत एक कोळीण सुकट वाळत घालत बसली होती. गोजाबाई तिच्यापाशी जाऊन उकिडवी बसली. गाव कुठलं, आलात कशानं, पोरंबाळं किती, असं बोलणं झालं. पोराबाळांचं गोजाबाईनं गिळून टाकलं आणि विचारलं, आमची मुळा इथं कुठं येऊन मिळती. भिमाजी घाईघाईनं मधे पडला, ऊन लागंल, चल सुरूच्या सावलीला, म्हणाला. पण कोळीण भली बाई, विचारलेलं सांगून मोकळी झाली. इथल्या खाड्यांना पाणी येतं ते डोंगराच्या अलीकडचं. घाटावरल्या नद्या या दर्याकडं पाठ करून जातात त्या पार दुसऱ्याच दर्याला. त्यांचा थेंब इकडं येत नाही, हे तिला तिच्या दर्यावर्दी नवऱ्यानं सांगितलं होतं.

गोजाबाईच्या आधी ध्यानातच येईना. समुद्र म्हणजे समुद्र, तो काय विहिरीसारखा गावागणिक वेगळा असतो? मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो अंगठ्यानं वाळू उकरत होता.

"तुमाला ठावं व्हतं?"

खोटं बोलायला अजून जागा होती, पण त्याला ते जमलं नाही.

"व्हय," तो म्हणाला. मग कसंबसं, "पानी समदं येकच असतंय की गं."

"म्हंजी माजं पोर अजून उपाशीच."

ती रडली असती तर भिमाजीला बरं वाटलं असतं. ती तरातरा लॉरीकडं गेली आणि परतीच्या वाटेसाठी बांधून आणलेल्या भाकऱ्या सोडून घेऊन आली. वाळूतला झावळीचा तुकडा उचलून त्यावर भाकरी ठेवली, वर ठेच्याचा गोळा ठेवला आणि पाण्यात सोडली. भरती लागली होती. लाटेनं सगळं उचलून पुन्हा तिच्या पायाशी आणून टाकलं. तिनं ओली भाकरी टाकून दुसरी ठेवली. तीही परत आली. तिनं तिसरी ठेवली, तेव्हा भिमाजीला बघवेना. त्यानं झावळी तिच्या हातातून घेतली.

त्याला पोहता येत होतं ते नदीपुरतं. तो गुडघाभर पाण्यात गेला, मग कमरेइतक्या. धोतर फुगून पायात यायला लागलं. किल्ल्यावरनं परतलेली मंडळी काठावर जमली. सोपानराव हाका मारत होता, भिमाजी, पाणी चढतंय, मागं फिर. भिमाजीनं भाकरी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. एक लाट तोंडावर आली, खारं पाणी नाकातोंडात गेलं आणि तो खोकत छातीइतक्या पाण्यात थांबला. इथं सोडू का, असं विचारायला त्यानं वळून बायकोकडं बघितलं.

गोजाबाई पदर खोचून पाण्याच्या कडेला उभी होती. तिनं समुद्राकडं हात लांब केला.

"आनखी म्होरं जा," ती म्हणाली.