सुरिनामला कशाला?

स्टुटगार्टला मुलाकडे कायमचं राहायला आल्यापासून श्रीरंगरावांनी सुरिनामचा ध्यास घेतला होता. दक्षिण अमेरिकेतला एवढासा देश, पण जेवायच्या टेबलावर ते रोज तिथे जायचं नवं कारण काढत आणि ओजस ते रोज मोडीत काढी.

“अहो बाबा, जंगल बघायचं तर श्वार्त्सवाल्ड तासाभरावर आहे. नदी हवी तर खाली नेकार वाहतेय. आणि डासच हवे असतील, तर आपलं कल्याण काय वाईट होतं?”

आठ वर्षांच्या उर्जाने ताटातून मान वर करून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. श्रीरंगरावांनी सवयीने मुलाकडे पाहिलं.

“विचारतेय, आजोबांना खरंच का जायचंय?”

“तिला सांग, दीडशे वर्षांपूर्वी बिहारकडची गरीब माणसं तिथे उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली. पुष्कळशी तिथलीच झाली. पण त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरांत अजून तीच बोली चालते म्हणे. मला काही बघायचं नाहीये रे. कुणाच्या तरी दारात घटकाभर बसून ऐकायचंय, मधे कुणालाही न घालता आजोबा नातीशी कसे बोलतात ते.”

ओजसचा घास हातातच राहिला. आजोबा काय म्हणाले, म्हणून उर्जा त्याची बाही ओढू लागली.

 

“काही नाही गं,” ओजस तिला जर्मनमध्ये म्हणाला, “आजोबांना फिरायची हौस आहे.”