शब्द टाकशील?

डेटाबेसवाल्यांसाठी शहरात फुकट प्रशिक्षण होतं. ती सभागृहात शिरताच पुढून दादांनी हात केला. त्यांनीच तिला ऑफिसात बोटाला धरून काम शिकवलं होतं, आणि मागच्या महिन्यात त्यांचीच नोकरी गेली होती. शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलत ते म्हणाले, "बस. या वयात पाटी घेऊन बसलोय बघ. साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकशील?" "टाकते की," तिच्या तोंडून निघून गेलं. दादांनी लगेच घरी फोन लावला, बातमी सांगून तो तिच्या हाती दिला. "देवासारखी भेटलीस गं," पलीकडून वहिनी म्हणाल्या. तिला सोसवेना. फोन परत देताना ती खालमानेनं म्हणाली, "दादा, 'कुणाला काढू?' असं साहेबांनी विचारलं, तेव्हा स्वतःची नोकरी वाचवायला तुमचं नाव मीच सांगितलं." दादांनी फोन कानाला लावला होता. त्यांच्या कानाशी वहिनी अजून बोलतच होत्या.