हिरवी कड

कॅनडातून फोन आला तेव्हा सहदेव मुलुंडच्या हॉलमध्ये टेबलावर शाली मांडत होते. ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेचा गुणगौरव होता. दहावी-बारावीच्या मुलांना दप्तरं, आणि ज्यांची मुलं परदेशात नाव काढतात त्या पालकांना शाल आणि नारळ. ही शालीची टूम मंडळाचे अध्यक्ष अण्णा यांची. त्यांचा देवेश कॅनडात मोठ्या हुद्द्यावर होता, तेव्हा टूम कुठून निघाली हे कुणी विचारलं नाही.

फोन देवेशचाच होता. सहदेव चपला न घालताच जिन्यात आले.

गेल्या महिन्यात सहदेवांनी लिंक्डइनवर खातं उघडलं होतं ते आपल्या निलेशचं कौतुक बघायला. निलेशही कॅनडात देवेशच्याच शहरात इंजिनिअर म्हणून चिकटलाय, असंच घरात सगळे धरून चालले होते. तर त्याच्या फोटोभोवती हिरवी कड दिसली. काम शोधतोय असा तिचा अर्थ, हे कळल्यावर सहदेवांना दोन घास गिळवेनात. शाल द्यायच्या पालकांच्या यादीतून त्यांनी स्वतःचं नाव काढून टाकलं. मग त्यांनी तेच केलं जे कोकणातून मुंबईत आलेला माणूस पिढ्यानपिढ्या करत आला आहे. गाववाला गाठला. गिरणी असो की कारखाना, नोकरी अर्जाने थोडीच लागते, ती कुणी शब्द टाकला की लागते. निलेश पडला भिडस्त, स्वतःसाठी तोंड उघडणार नाही. म्हणून सहदेवांनीच देवेशला लांबलचक मेसेज लिहिला, की बाबा रे, आमच्या निलेशचं साहेबाच्या कानावर घाल. अण्णांना विचारूनच लिहिला. "त्येका सांग, बाबांनी सांगल्यानी," असं अण्णा म्हणाले होते, आणि म्हणताना जरा ताठ बसले होते.

"काका, बाबा जवळ नाहीत ना?" देवेशने पहिलं हेच विचारलं.

आत आहेत, बोल, असं सहदेव म्हणाले. देवेशच्या मागे यंत्राची घरघर चालू होती. कामाच्या पाळीतली मधली सुट्टी आहे, थोडंच बोलता येईल, असं तो म्हणाला. साहेबाला कसली पाळी? सहदेवांचा जन्म कारखान्यात गेला होता. माल वाहणाऱ्या पट्ट्याचा आवाज त्यांना झोपेतही ओळखू आला असता.

"मी कुणाकडे शब्द टाकू, काका? मी आणि निलेश एकाच गोदामात आहोत. खोकी भरतो."

मग तुझ्या नावाखाली ते सीनिअर डिझाइन इंजिनिअर लिहिलंय ते काय, असं सहदेवांनी विचारलं. ते पवईच्या जुन्या नोकरीचं, देवेश म्हणाला. खोटं काही लिहिलं नव्हतं, ती नोकरी कधी सुटली ती तारीख तेवढी टाकली नव्हती. इथे जो तो इथलाच अनुभव मागतो, आणि तो द्यायला कुणी तयार नाही. निलेशने हिरवी कड लावली म्हणून त्याला निदान दोघा-तिघांनी बोलावलं तरी.

"मग तू का नाही लावत, बाळा?"

देवेश हळू म्हणाला, "बाबा रोज सकाळी माझं पान उघडून बघतात, काका. कोण बघून गेलं ते मला दिसतं ना."

सहदेवांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते निलेशसाठी होतं की या दुसऱ्याच्या पोरासाठी, त्यांचं त्यांनाच कळेना. तुम्हाला कळलंय हे निलेशला कळू देऊ नका, असं देवेश पुन्हा पुन्हा विनवत होता. तुमचा व्हिडिओ कॉल येणार असला की तो लॉकरमधला इस्त्रीचा शर्ट चढवतो, म्हणाला. निळ्या रेघांचा.

"बाबांचा कॉल असला की तोच मी घालतो."

फोन ठेवून सहदेव वळले, तर दारात अण्णा उभे. नवा सदरा, कपाळाला गंध.

"काय म्हणालो माझो झील?" त्यांनी लेकाचं विचारलं.

एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं तर तिकडे देवेशला ती कड लावायला मोकळीक मिळाली असती. सहदेवांना हे पक्कं कळत होतं. पण अण्णांच्या तोंडाकडे बघून त्यांची जीभ रेटेना, आणि निघालं ते भलतंच.

"बघतंय म्हणालो. मोठो सायब आसा तुझो झील."

"मगे झाला समज," अण्णा म्हणाले, आणि मित्राचा हात धरून त्यांना आत घेऊन गेले.

समारंभात अण्णांनी चष्मा लावून देवेशचा हुद्दा फोनवरून इंग्रजीत वाचून दाखवला. एका शब्दाला अडखळले, म्हणून पहिल्यापासून परत वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल घालायची ती खजिनदाराने, म्हणजे सहदेवांनी. त्यांचे डोळे पुन्हा भरले, नीट दिसेना. शाल अण्णांच्या एका खांद्यावरून घसरली, ती त्यांनी वर ओढली, तरी पुन्हा घसरली.

अण्णांनी त्यांचा हात आपल्या खांद्यावरच दाबून धरला आणि वाकून कानाशी म्हणाले, "रडतंस कित्याक? फुडल्या वर्षाक ही तुझ्या खांद्यार. देवेश आसा मा थंय."