विमानानं दोन तास

पहाटे चुलतभावाचा, सत्यमचा, दिल्लीला फोन आला. "दादा, आप्पा लई सिरियस हायेत. लगेच निघ."

आमच्या पैठणकडं लांबच्या माणसाला फोनवर 'गेले' असं कुणी सांगत नाही. आजोबा गेले तेव्हाही 'सिरियस'च सांगितलं होतं, काका गेले तेव्हाही. मी काही विचारलं नाही. रडलोही नाही.

दिल्ली ते संभाजीनगर, विमानानं दोन तास. सकाळच्या विमानात एकच जागा होती. थोरल्या मुलाशिवाय वडलांना उचलणार नव्हतेच, म्हणून बायको-मुलांना घेऊन दुपारच्या विमानानं निघालो.

घरी पोचलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता, अंगणात माणसं गप्प बसली होती. मी बहिणीजवळ टेकलो.

"मोनिका, पहाटे किती वाजता गेले गं?"

 

"पहाटे कुठं, दादा? आत्ता चार वाजता गेले. सकाळपासून विचारत होते, दिल्लीहून यायला किती वेळ लागतो म्हणून. मी आपली दर वेळी दोनच तास सांगत होते."