घरी येणाऱ्याला शेवया

बस धुरळा उडवून निघून गेली तरी शू मास्तर पिशवी छातीशी धरून तिथंच उभे होते. पिशवीत दोन लोकरी स्वेटर होते आणि त्यांत गुंडाळलेली चिनी मातीची बरणी. बरणीत मा तेशान होता. म्हणजे त्याची राख.

"तैवानहून आलात ना?" गावचा सचिव सायकल ढकलत पुढे आला. "कुणाकडे जायचंय?"

"मा तेशानच्या आईकडे."

सचिवानं सायकलचं हँडल उगाच सरळ केलं. मग खाकरून म्हणाला, "म्हातारीकडे होय? चला की. कधीची वाट बघतेय."

वाट बघणारच. चाळीस वर्षांपूर्वी हरत चाललेल्या फौजेनं शानतुंग प्रांतातली पोरं भर शेतातून उचलून तैवानला नेली. त्यांत तेशान होता, आणि दुसऱ्या एका गावातून शू. एकाच तोफेवर दोघं दहा वर्षं राबले. पुढं एका स्फोटात शूंचा डावा कान गेला, फौजेनं त्यांना सोडलं, आणि ते डोंगरातल्या एका शाळेत मास्तर झाले. तेशान मागोमाग आला नि त्याच शाळेत स्वयंपाकी झाला. त्याचं अक्षरांशी जन्माचं वैर. म्हणून त्याचं पत्र मास्तरच लिहीत आणि खाली रीतसर टाकत, 'लिहिणार, शू मास्तर.'

एकोणऐंशी साली हाँगकाँगमार्गे पहिलं पत्र गेलं. आईचं उत्तर आलं, तेव्हा तेशानला जाऊन वीस दिवस झाले होते. 'तू आहेस हे कळल्यापासून मला भूक लागते,' असं तिनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं.

अशा बाईला काय कळवायचं? मास्तरांनी तेशानच्या नावानं उत्तर धाडलं. एक खोटं पचलं की दुसऱ्याला बळ येतं. नऊ वर्षांत बावीस पत्रं झाली. आता मायदेशी जायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी ठरवलं, जाऊन खरं सांगायचं, पाय धरायचे आणि तेशानला त्याच्या बापाशेजारी ठेवून यायचं. मरताना त्यानं तेवढंच मागितलं होतं.

"तेशान आला का रे?"

म्हातारी अंगणात डाळिंबाखाली बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं मास्तरांचे हात हातात घेतले आणि एकेक बोट चाचपत राहिली, फार वेळ.

मास्तरांनी सगळं पाठ करून आणलं होतं. तोंडातून फक्त "आई" निघालं. स्वतःचीच त्यांना शिसारी आली.

"वाळलास की! तिकडं काय हवा खाऊन राहतोस?" म्हणत तिनं वाडगा पुढं सरकवला. सारण भरून उकडलेल्या करंज्या होत्या.

मास्तर चमकले. निघणाऱ्याला करंज्या आणि घरी येणाऱ्याला शेवया, हे शानतुंगमधलं शेंबडं पोरही सांगेल. चाळीस वर्षांनी आलेल्या मुलाला कुणी करंज्या वाढतं? पण वय झालं की असं व्हायचंच. त्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

तीन दिवस असेच गेले. तेशाननं तोफेआड बसून सांगितलेल्या लहानपणच्या गोष्टी मास्तर सांगत, आणि म्हातारी पदर तोंडाशी धरून हसे. आपण होऊन तिनं एकही आठवण काढली नाही.

"आई, एक सांगायचंय."

"सांगशील रे. आधी खा."

"आई, आबांच्या थडग्यावर जाऊन येऊ."

"नको. पावसानं वाट खचलीय."

महिनाभरात पाऊस नव्हता. मास्तरांचे बूट धुळीनं पांढरे झाले होते. म्हातारीला चालवत नसेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तीस वर्षं पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून शिकवलं आणि स्वतःला एक वाक्य बोलता येईना. बरणी स्वेटरांतच राहिली.

चौथ्या दिवशी दहाची बस होती. उजाडताच मास्तर बरणी आणि खुरपं घेऊन निघाले. गावाच्या पश्चिमेला, दोन सुरूंच्या मध्ये, असं तेशान सांगायचा. वाट कोरडी ठणठणीत होती.

सुरूंखाली एक नव्हे, दोन उंचवटे होते. दुसऱ्याच्या डोक्याशी मातीत वीट रोवलेली होती आणि तिच्यावर खिळ्यानं अक्षरं कोरली होती. मास्तरांनी हातानं माती पुसली. 'मा तेशानची आई. मृत्यू १९६०.'

त्यांनी अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

मागं काठी वाजली. म्हातारी धापा टाकत उभी होती.

"ठेवा त्याला आईशेजारी," ती म्हणाली. "उपासमारीच्या साली मीच पुरलं तिला. मी शेजारची, यान आडनावाच्या घरातली. पत्र आलं तेव्हा घ्यायला कुणी उरलं नव्हतं. पण तिकडं वाट बघणाऱ्या पोराला काय कळवायचं? दिलं उत्तर. गावानंही तोंड मिटलं." तिनं बरणीवर हात ठेवला. "कधी गेला?"

"तुमचं पहिलं पत्र यायच्या वीस दिवस आधी."

म्हातारीनं पदरानं बरणीवरची धूळ पुसली.

"तुमची बोटं धरली तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "मधल्या बोटाला लेखणीचा घट्टा. स्वयंपाक्याला कुठून येणार?"

"म्हणून शेवया नाहीत..."

"त्या माझ्या पोरासाठी, फूकुईसाठी ठेवल्यात. त्यालाही त्याच दिवशी, त्याच शेतातून नेला." ती जमिनीवर बसली आणि चाचपडत तिनं त्यांचा हात शोधला. "शू मास्तर, माझ्या फूकुईच्या नावानं खोटं लिहायला तिकडं कुणीच नव्हतं का हो?"