डेकचा रंग

आमचा डेक पिवळा झाला. तो झालेला नाही, असं आम्ही घरात ठरवलं आहे.

पुण्याच्या सासूबाई उद्या पहिल्यांदाच कुरुंद्याला येणार. 'अंगणात बसायला अक्रोडी रंगाचा लाकडी डेक आहे,' असं मी त्यांना आधीच सांगून बसलोय. रंगारी साजीदभाईंनी दोन दिवस लाकूड घासलं, धुतलं आणि रंगाआधी उन्हात सुकायला सोडलं. आज बघतो तर शेजारच्या गंगूमावशींनी त्यावर ओली, उकडलेली हळद पसरलेली.

"मावशी, हे काय?"

"घासून सपाट केलंय, उन्हात मोकळं सोडलंय. हळदीसाठी न्हाई, तर मग काहून केलं?"

हळद मी गोळा करून दिली, पण लाकडात मुरलेला पिवळा काही घासून निघेना.


सबब मा. ग्रामसेवक साहेब, पिवळ्यालाच अक्रोडी म्हणतात असा दाखला उद्या सकाळच्या आत मिळावा, ही नम्र विनंती.